वाचकांचे प्रश्न : प्रार्थनेत काहीच जाणवत नाही तेव्हा

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच खंत आहे : प्रार्थना करतो, पण देव भेटत नाही. पत्रे थोडी संक्षिप्त करून, नावगाव वगळून खाली दिली आहेत.

प्रश्न : मी रोज सकाळी अर्धा तास प्रार्थनेला बसते. बायबलचा उतारा वाचून होतो, पाठ असलेल्या प्रार्थना म्हणून होतात आणि पुढे काय करायचे ते सुचत नाही. मन भलतीकडे धावते. देवाचा अनुभव येतो म्हणतात तो नेमका कुठे, कसा येतो?

रोज अर्धा तास काढता, म्हणजे निम्मे अवघड काम तुम्ही करतच आहात. अडचण आहे ती त्या अर्ध्या तासाला आकार नसण्याची. बाराव्या शतकातील कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या एका कॅथलिक संघाचा) संन्यासी दुसरा गीगो याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सहवासात नुसते राहणे. तुम्ही पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी घेता आणि चौथीसाठी वेळच ठेवत नाही.

उतारा आदल्या रात्रीच निवडून ठेवा. सकाळी शोधायला बसले की पाने चाळण्यातच दहा मिनिटे जातात. सहा ते दहा ओव्या पुरतात. सुरुवातीला शुभवर्तमानातली एखादी घटना घ्या. पौलाच्या पत्रांतले युक्तिवाद डोक्याला कामाला लावतात आणि प्रार्थनेचा अभ्यासवर्ग होतो. उदाहरणादाखल मार्क 10:46–52 घेऊ : यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी बार्तीमय.

बसण्याआधी जागेपासून एक-दोन पावलांवर क्षणभर उभ्या राहा. ही येशूसंघाचा संस्थापक, लोयोलाचा संत इग्नेशियस याची सूचना आहे : 'हे आमच्या पित्या' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, प्रभू माझ्याकडे पाहतो आहे एवढेच ध्यानात घ्यायचे. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. ती गाळली की पुढचा अर्धा तास आपण आपल्याशीच बोलत बसतो. मग बसा आणि आज काय हवे ते एका वाक्यात मागा.

उतारा दोनदा वाचा, ओठ हलवून, सावकाश. दुसऱ्या वाचनात एखादा शब्द अडवेल. तिथे थांबा, उतारा संपवायची घाई नको. समजा तुम्हाला बार्तीमयाचा झगा अडवतो. येशूने बोलावताच तो झगा टाकून उठतो. निर्गम 22:26–27 वाचलेत तर कळेल की गरिबाचा झगा म्हणजे त्याचे रात्रीचे पांघरूण, म्हणून तर तो गहाण घेतला असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावा असा नियम होता. भिकाऱ्याकडे दुसरे काय असणार? आणि दिसत नसताना टाकलेली वस्तू पुन्हा सापडेल याची खात्री नाही. आता त्या गर्दीत स्वतः उभ्या राहा. माझ्या अंगावर असे काय आहे, जे सोडून उठायला मी कचरते? याचे उत्तर मोघम नको. 'माझा अहंकार' हे उत्तर बहुधा पळवाट असते. 'जावेशी तीन महिने धरलेला अबोला' हे खरे उत्तर.

मग येशू त्याला विचारतो : मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? समोर आंधळा उभा आहे, तरी विचारतो. तोच प्रश्न तुम्हाला विचारला आहे असे समजा आणि घरात बोलता त्या भाषेत उत्तर द्या. शेवटची पाच मिनिटे शब्द थांबवा. काही घडायलाच हवे असे नाही, प्रभूजवळ बसणे एवढेच त्या वेळेचे काम.

मन भरकटणारच. लक्षात आले की अडलेल्या शब्दाकडे परत या, स्वतःला दोष देत बसू नका, कारण तोही भरकटण्याचाच प्रकार आहे. मात्र एकच विषय रोज मध्ये येत असेल, मुलाचे आजारपण म्हणा, तर त्याला हाकलू नका. प्रार्थनेचा खरा विषय तोच आहे, प्रभूशी त्याबद्दलच बोला.

उठल्यावर जागा बदलून पाच मिनिटे वहीत तीन ओळी लिहा : कोणता शब्द अडला, मन कुठे मोकळे झाले, कुठे आक्रसले. दुसऱ्या दिवशी नवा उतारा घेऊ नका. काल मन जिथे हलले त्याच ओवीवर परत जा. इग्नेशियसच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात नव्या विषयांइतकाच भर अशा पुनरावृत्तीवर आहे, आणि आमच्या मते बहुतेकांची प्रार्थना उथळ राहण्याचे कारण रोज नवा उतारा घेणे हेच असते.

आता अनुभव कुठे येतो ते. लूक 24 मधले ते दोघे शिष्य अम्माऊसच्या वाटेवर येशूबरोबर सुमारे अकरा किलोमीटरच्या रस्त्यावर चालले, बोलले, आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळख पटली ती भाकर मोडताना. मग मागे वळून पाहिल्यावर उमगले की वाटेत आपले अंतःकरण पेटले होते. पुष्कळदा असेच होते. प्रार्थनेत काही जाणवत नाही आणि दुपारी ज्याच्यावर खेकसायचो त्याचे पूर्ण ऐकून घेतो. वहीतल्या तीन ओळी याचसाठी. त्यांच्याशिवाय असे धागे हाती लागत नाहीत.

प्रश्न : मागच्या वर्षी रिट्रीटमध्ये (प्रार्थनेच्या शिबिरात) मला देवाच्या प्रेमाची इतकी तीव्र जाणीव झाली की मी रडलो. पुढचे दोन महिने प्रार्थना सोडवत नव्हती. आता आठ महिने सगळे कोरडे आहे. तो अनुभव खोटा होता का? की माझे काही चुकले?

अनुभव ओसरला म्हणून तो खोटा ठरत नाही. फ्रेंच गणिती आणि विचारवंत ब्लेझ पास्काल याला 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास देवाचा असा अनुभव आला की त्याने 'अग्नी' हा शब्द लिहून त्या रात्रीची टिपणे कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली. 1662 मध्ये तो वारल्यावर ती सापडली. अग्नी रोज पेटता असता तर कागद जवळ बाळगायची गरज कशाला पडली असती? मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचे हृदय 24 मे 1738 रोजी लंडनमधील सभेत उबदार झाले, आणि पुढच्याच जानेवारीत त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले की मी अजून ख्रिस्ती नाही. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्याने सुवार्ता सांगितली.

इग्नेशियस शुष्कतेची तीन कारणे देतो. एक, आपली हयगय : प्रार्थनेची वेळ कमी झाली, एखादे पाप पाठीशी घातले. दोन, परीक्षा : गोडी नसताना आपण किती टिकतो. तीन, शिकवण : गोडी ही आपली कमाई नसून कृपेचे दान आहे हे कळावे. पहिल्या कारणापासून सुरुवात करा, पण एका बैठकीत आटपा. कोरडेपणा सुरू झाला त्या सुमारास काय बदलले? रात्रीची जागरणे, तुटलेले नाते, न फेडलेली चूक? सापडले तर पापनिवेदन किंवा पाळकांशी मोकळे बोलणे, आणि शक्य तिथे भरपाई. न सापडल्यास शोध थांबवा. महिनोन्‌महिने स्वतःला खणत राहणाऱ्याची नजर देवावरून उडते आणि स्वतःवरच खिळते.

मग दोन नियम पाळा. शुष्कतेत असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. रोजची वेळ, मंडळी, सेवा, काहीही नाही. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे जास्त थांबा. वीस मिनिटे ठरली असतील तर बावीस. वेळेआधी उठायची सवय लागली की पुढच्या आठवड्यात वीसची पंधरा होतात आणि महिनाभरात प्रार्थना सुटते.

कोरड्या दिवसांत लांब मनन जमत नाही. तेव्हा एक स्तोत्र मोठ्याने वाचा. किंवा पौर्वात्य मंडळीतली येशूची प्रार्थना श्वासाबरोबर म्हणा : श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा', सोडताना 'मज पाप्यावर दया कर'. दहा मिनिटे पुरेत. श्वास ओढून लांबवू नका, चक्कर येते. तो चालतो तसा चालू द्या.

याहून खोल असाही एक कोरडेपणा असतो. स्पॅनिश संत क्रुसाचा योहान (1542–1591) त्याला 'काळोखी रात्र' म्हणतो. त्याने तिच्या तीन खुणा दिल्या, आणि तिन्ही एकत्र असायला हव्यात. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगाच्या गोष्टींतही नाही. आपण देवापासून मागे पडतो आहोत याची मनाला टोचणी आहे. आणि पूर्वीसारखे मनन करू गेल्यास जमतच नाही. प्रार्थनेचा कंटाळा येतो पण मोबाइलवर दोन तास मजेत जातात, अशी स्थिती असेल तर ती ही रात्र नव्हे, तिथे हयगयच शोधा. तिन्ही खुणा असतील तर मननाचा हट्ट सोडून प्रेमाने, शांत लक्ष ठेवून बसा. मदर तेरेसा यांनी असा अंधार जवळजवळ पन्नास वर्षे सोसला, हे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून जगाला कळले. त्या काळात त्यांची सेवा थांबली नाही.

पण एक भेद करायलाच हवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास राहते, झोप आणि भूक बिघडली आहे, रोजचे काम उरकत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच जा आणि आजच घरच्यांना सांगा. यात विश्वासाला कमीपणा नाही. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी दोनदा खाऊ घातले, झोपू दिले, आणि मगच होरेब डोंगरावर मंद वाणीने त्याच्याशी बोलला (1 राजे 19).

प्रश्न : 'नोकरी सोड आणि पूर्णवेळ सेवेत ये' असे मी प्रार्थनेत अगदी स्पष्ट ऐकले. घरी कर्ज आहे, दोन मुले शिकत आहेत. पत्नी घाबरली आहे. देवाची वाणी मानून आज्ञा पाळू, की हा माझ्याच मनाचा खेळ आहे?

या आठवड्यात राजीनामा देऊ नका. देवाची हाक महिनाभर पारखल्याने विरून जात नाही. बाल शमुवेलाने तीनदा देवाची हाक ऐकली आणि तिन्ही वेळा तो चुकीच्या माणसाकडे, एली याजकाकडे धावला. हाक खरीच होती, ओळखायला मात्र वेळ लागला, आणि दुसऱ्या माणसाचीही गरज पडली. चौथ्या हाकेला तो म्हणाला, 'बोल, तुझा दास ऐकत आहे.'

ऐकलेल्या शब्दांना फार चिकटू नये, असे क्रुसाचा योहान बजावतो : ते देवाचे असतील तर त्यांनी करायचे ते काम आत होऊनच गेले आहे, आणि नसतील तर न धरल्याने तुमचे काही गेले नाही. इग्नेशियसचे निरीक्षण आणखी बारीक आहे. देवाने दिलेला आनंद अस्सल असला तरी त्याच्या मागून येणाऱ्या ऊबेत आपलेच विचार, आपल्याच योजना मिसळतात. देवाचे प्रेम तुम्हाला त्या दिवशी भेटले असेल, 'नोकरी सोड' हा तपशील तुम्ही जोडलेला असू शकतो. वही असेल तर पाहा : त्या क्षणी नेमके काय झाले, आणि अर्ध्या तासाने काय सुचले? दोन्ही वेगवेगळे लिहा.

चाचणी अशी. जो नीट वाटेवर आहे त्याच्या मनात पवित्र आत्मा पाण्याचा थेंब स्पंजात शिरावा तसा शिरतो, आणि वैरी, म्हणजे सैतान, तोच थेंब दगडावर आपटावा तसा. हे चित्र इग्नेशियसचेच. तुम्ही कल्पना मांडता तेव्हा आवाज चढतो का? बायकोने शंका काढली की राग येतो का? 'आत्ताच, नाहीतर कधीच नाही' अशी घाई आहे का? विचाराची सुरुवात, मधला भाग आणि शेवट, तिन्ही तपासा. सुरुवात सेवेत आणि शेवट 'या घरात मला कोणी समजत नाही' यात होत असेल तर वैऱ्याचे शेपूट ओळखा.

मग चार रकाने आखा : नोकरी सोडण्याचे फायदे, तोटे, न सोडण्याचे फायदे, तोटे. दोनच रकाने पुरेत असे वाटते, पण चार केल्यावर वेगळ्याच गोष्टी वर येतात. कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी आकड्यांत लिहा. त्यानंतर स्वतःला विचारा की अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला असता तर त्याला काय सांगितले असते, आणि मृत्यूच्या घटकेला मागे पाहताना काय केलेले बरे वाटेल. निर्णय झाला की तो प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा आणि काही आठवडे वाट पाहा. शांती टिकते की विरते? याच काळात शनिवार-रविवार तीच सेवा करून पाहा. एक शेवटचे : लग्नात दिलेले वचनही देवासमोरच दिले आहे. पत्नीची भीती हा आज्ञापालनातला अडथळा समजू नका. देव तिच्याशीही बोलतो.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात सगळे अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषांत) बोलतात, काही जण पडतात, रडतात. मला काहीच होत नाही. माझ्यात पवित्र आत्मा नाही का?

'सर्वच अन्य भाषा बोलतात काय?' हे पौलाने करिंथकरांना विचारले (1 करिंथ 12:30), आणि उत्तर नाही असेच अपेक्षित आहे. दाने वाटून दिलेली असतात. फळ मात्र सर्वांकडून अपेक्षित आहे आणि त्याचे नऊ पैलू गलतीकरांस पत्रात (5:22–23) मोजून दिले आहेत : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. दान हवे तर जरूर मागा. पण कोणी डोक्यावर हात ठेवून ढकलत असेल किंवा अक्षरे म्हणायला शिकवत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. ओढून आणलेल्या गोष्टीने पुढे मनात खोटेपणाची सल राहते, आणि खऱ्या अनुभवावरचाही विश्वास उडतो. बाकी गटातल्यांना खोटे ठरवायचे कारण नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमचा मुलगा गेला. तेव्हापासून माझ्याने प्रार्थना होत नाही. देवाचा राग येतो आणि त्या रागाची भीती वाटते.

ताई, तो राग देवालाच सांगा. स्तोत्र 13 मध्ये भक्त पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर?' विचारतो. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले आहे. वधस्तंभावर येशूने मारलेली हाक स्तोत्र 22 च्या पहिल्या ओळीतली आहे. म्हणजे 'तू मला का सोडलेस' ही प्रार्थनाच आहे, अविश्वास नव्हे.

जमेल तेव्हा आपले एक विलापगीत लिहा. आधी देवाला नावाने हाक, मग तक्रार, मुलाचे नाव घेऊन, काहीही न गाळता, मग मागणे. भरवशाची ओळ आपोआप आली तर लिहा, नाही आली तर ओढून आणू नका. मोठ्याने वाचायला आठवड्यातून एक दिवस पुरे. उरलेल्या दिवशी उपासनेत इतरांबरोबर नुसते उभे राहा. ओठ हलले नाहीत तरी चालेल, तुमच्या वाटची प्रार्थना मंडळी करते. 'देवाची इच्छा होती' असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवायला तुम्ही बांधील नाही. लाजराच्या कबरेपाशी खुद्द येशू रडला.

प्रश्न : लहान बाळ आहे, सकाळ हाती लागत नाही. दिवसातून दहाच मिनिटे मिळत असतील तर काय करावे? आणि मार्गदर्शक हवाच का?

रात्री दिवसाचे अवलोकन करा. इग्नेशियसच्या पाच पायऱ्या दहा मिनिटांत बसतात. आजच्या दोन-तीन ठोस गोष्टींबद्दल आभार : 'कुटुंब' नको, 'चारच्या सुमारास बाळ स्वतःहून झोपले' असे. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. त्यानंतर दिवस तासातासाने पाहा, याला निम्मा वेळ द्या : कुठे देवाच्या जवळ होते, कुठे पाठ फिरवली? मग क्षमा, आणि शेवटी उद्याच्या एका प्रसंगासाठी मदत. इथे दोन चुका होतात. आभार गाळून थेट चुकांवर जाणे, मग हे अवलोकन रोजचा खटला होतो. आणि अंथरुणात पडून करणे, मग तिसऱ्या पायरीआधीच झोप लागते. बाळाला पाजताना बसून केलेत तरी चालते.

मार्गदर्शक असल्यास उत्तम. चार ते सहा आठवड्यांतून एकदा, पाऊण ते एक तास. फादर किंवा पाळकच हवेत असे नाही, प्रार्थना करणारी, कमी बोलणारी, गुप्तता पाळणारी अनुभवी बाई किंवा सिस्टरही चालेल. पहिल्या भेटीत आयुष्याची कहाणी नको, वहीतल्या गेल्या महिन्याच्या नोंदी वाचून दाखवा. जी व्यक्ती पैसे उकळते, 'हे नवऱ्याला सांगू नकोस' म्हणते, घरच्यांपासून तोडते, किंवा तुमच्यासाठी देवाचा निरोप फक्त तिलाच येतो असे सांगते, तिच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, आणि मंडळीतल्या जबाबदार माणसाला ते कळवा.